वैलाची चूल पुन्हा बाजारात आणायची तर

"जिभाऊ, चूल बेस शे, पन मन्हं खापर बठस नही."

आम्ही घडवलेल्या पहिल्या चुलीवरचा पहिला अभिप्राय हा. खानदेशात, अमळनेर तालुक्यातल्या एका घरी ती चूल आम्ही मोठ्या हौसेनं नेऊन ठेवली होती. एका पडक्या वाड्यात जुनी वैलाची चूल, म्हणजे मोठ्या तोंडाशेजारी त्याच जाळावर तापणारं दुसरं छोटं तोंड (वैल) असलेली चूल, सापडली होती, तिची मापं इंचाइंचानं घेऊन हुबेहूब तशीच घडवली होती. चुकलं एवढंच, की ज्या घरात ती जाणार होती तिथली भांडी आम्ही बघितलीच नव्हती. जुन्या चुलीवर पितळी पातेली चढत. या घरात जर्मनची सपाट बुडाची पातेली होती, कुकर होता आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे करायचं भलंमोठं खापर होतं. त्या घरच्या मावशींनी खापर पालथं ठेवलं, ते डुगडुगलं, आणि आमची तीन महिन्यांची मेहनत पाच मिनिटांत निकालात निघाली.

तेव्हापासून गेले तीन हिवाळे आम्ही ही चूल पुन्हा घडवतोय. एका बाजूला जळणाचं तोंड, वर मोठं भांडं, आणि शेजारी वैल. भाजलेल्या मातीची, दोन माणसांना उचलून नेता येईल अशी. कुंभारकाम येणाऱ्याला, किंवा कुंभाराला सोबत घेऊन असा छोटा उद्योग उभा करू बघणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढतोय.

ही चूल कोण घेईल, ते आधी बघा

गॅस सोडून कोणी चुलीकडे येईल या भ्रमात राहू नका, आणि तसं कोणाला सांगूही नका. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस घरोघर पोचला. ते चांगलंच झालं. पण सिलिंडर घरात असूनही चूल पेटते, ती ठराविक कामांना: अंघोळीचं पाणी, गुरांचा खुराक, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी, आखाजीचे आणि कानबाईच्या सणाचे मांडे. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी असली की तिथे वांगी काड्यांच्या जाळावरच भाजतात, पण पुऱ्या आणि भाजीला चूल लागतेच. या कामांसाठी आज काय वापरतात? तीन दगड, नाहीतर विटा. आपली स्पर्धा त्या तीन दगडांशी आहे.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे हायवेवरचे ढाबे आणि शेतातली हॉटेलं. त्यांना 'चुलीवरची शेवभाजी' अशी पाटी लावायची असते. ते पैसे देतात, पण चूल दिवसभर पेटती ठेवतात. घरात चार वर्षं टिकणारी चूल तिथे वर्षभरात ढेपाळते. दोघांसाठी एकच नग करू नका.

निर्धूर चुलीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या काळात 'मगन चूल' घडली. पुढे १९५० च्या दशकात हैदराबादच्या इंजिनिअरिंग प्रयोगशाळेतून धुराड्याची चूल आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद पडला. खेड्यांत आजही कुठेकुठे त्या काळच्या चुलींचे अवशेष दिसतात. धुराडं तुटलेलं, वैलाच्या भोकात माती भरलेली, आणि वर ठेवलेली तुळशीची कुंडी. अनुदान चूल बसवण्याला होतं. ती दोन वर्षांनी चालते का हे बघणारा कोणी नव्हता. बसवलेल्या घराला पुन्हा भेट देणं हा खर्च म्हणूनच मी सुरुवातीपासून किमतीत धरतो.

भांड्यांची मापं

कमीत कमी पंधरा घरं फिरा. वही, टेप आणि सुतळी पुरे. प्रत्येक घरात पाच भांडी मोजा: रोजच्या भाजीचं पातेलं, सर्वांत मोठं पातेलं, तवा, कुकर, आणि असेल तर मांड्यांचं खापर. बुडाचा व्यास महत्त्वाचा, तोंडाचा नाही. बूड सपाट आहे की गोल, तेही लिहा. सुतळीनं घेर मोजून ३.१४ ने भागलं की व्यास निघतो. पोचे आलेल्या जुन्या पातेल्याला टेपपेक्षा सुतळीच खरं सांगते.

बरोबर बाईमाणूस असेल तर उत्तम. "तुमच्याकडे पाणी किती तापवता?" असं मी विचारलं तर "बादलीभर" असं उत्तर यायचं. आमच्या कुंभारीण मावशींनी विचारलं तेव्हा कळलं, की पाच माणसांचं पाणी एकाच हंड्यात होतं, आणि तो हंडा चुलीवर सकाळी साडेपाचपासून असतो. म्हणजे मोठ्या तोंडावर हंडा बसला पाहिजे, आणि त्याच वेळी वैलावर चहा झाला पाहिजे. हे कळल्यावर अर्धी चूल कागदावर उतरली होती.

जुनी चूल सापडली तर तिचीही मापं घ्या, पण बाहेरची नको, आतली. जाळ वैलाकडे नेणारा बोगदा कुठून निघतो, किती चढतो, वैलाचं भांडं जाळापासून किती वर असतं, हे पाहा. जुन्या बायांचं शहाणपण तिथेच आहे. बाहेरचा आकार म्हणजे नुसता लेप.

आतली मापं

ही आमची मापं, चूल भाजून झाल्यावरची. तुमच्या घरांची भांडी वेगळी निघाली तर बदला, पण का बदलतोय ते समजून बदला.

मोठ्या भांड्याचं तोंड २० सेंटिमीटर. २२ ते २८ सेंटिमीटर बुडाची पातेली त्यावर नीट बसतात. जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत उंची १६ सेंटिमीटर. या एका मापावर आमची सर्वांत जास्त भांडणं झाली. उंची कमी ठेवली तर जाळ पूर्ण पेटायच्या आतच थंड बुडाला लागतो, विझत विझत काजळी सोडतो आणि भांडं काळंकुट्ट होतं. जास्त ठेवली तर जाळ बुडापर्यंत पोचत नाही. बाभळीच्या ढलप्यांना १८ चालेल. आपल्याकडे मुख्य जळण म्हणजे कपाशीच्या काड्या आणि तुराट्या. त्यांचा जाळ उंच पण हलका असतो, आणि १६ ला तो चांगला लागतो.

जळणाचं तोंड १५ सेंटिमीटर रुंद, ११ उंच. "एवढ्याशा तोंडात लाकूड जाईल का?" हा प्रश्न प्रत्येक घरी येणार. तोंड मोठं केलं की आत जाणारी फाजील हवा थंडच राहते आणि जाळ थंड करते. लाकूड फाडावं लागतं, हे खरंय. बाया तक्रार करतात, तेही खरंय. आम्ही तोंड मोठं केलं नाही. त्याऐवजी चुलीसोबत फाडलेल्या लाकडाचा नमुना म्हणून एक जुडी देतो, म्हणजे जाडी सांगत बसावी लागत नाही.

जाळी खाली हवी. तिच्याखाली ६ सेंटिमीटर मोकळी जागा, राखेला आणि हवेला. जाळी लोखंडी सळयांची, सळयांमध्ये एक एक सेंटिमीटर फट. सुरुवातीला आम्ही मातीची जाळी केली होती, ती पहिल्याच महिन्यात मोडली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून १० मिलिमीटर सळईची करून घ्या. जाळी सुटी ठेवा, मातीत गाडू नका. तापलं की लोखंड मातीपेक्षा जास्त फुगतं आणि भिंतीला तडा देतं.

आता बोगदा, म्हणजे मोठ्या जाळाकडून वैलाकडे जाणारी वाट. व्यास साडेसात सेंटिमीटर. तो भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागातून निघाला पाहिजे आणि वैलाकडे चढत गेला पाहिजे. खालून काढला तर राख भरते. सपाट ठेवला तर धूर मागे फिरून जळणाच्या तोंडातून डोळ्यांत येतो. वैल उथळ हवा, भांड्याच्या बुडाखाली जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटर. आमच्या दुसऱ्या खेपेतला वैल चांगला १२ सेंटिमीटर खोल होता. दिसायला डौलदार, पण त्यावर चहाला पाऊण तास.

चुलीला धुराडं नसेल तर वैलाच्या कडेवर भांडं टेकायला सव्वा सेंटिमीटर उंचीचे तीन उंचवटे द्या, धूर तिथून निघतो. मोठ्या तोंडावरही उंचवटे द्या, पण जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचे. दोन्हीकडे सारखे दिले तर जाळ वैलाकडे जातच नाही, पहिल्याच भांड्याच्या कडेनं निसटतो. धुराडं जोडायचं असेल तर उलट: उंचवटे अजिबात नकोत, भांडी कडेला घट्ट बसली पाहिजेत.

खापराचं गणित वेगळं. मांड्याचं खापर पालथं ठेवतात आणि जाळ त्याच्या पोटात खेळतो. त्यासाठी चुलीचं तोंड मोठं करायचं नाही. खालून २० सेंटिमीटरच्या तोंडात बसेल आणि वर पसरत जाऊन खापराला आधार देईल असं मातीचं सुटं कडं घडवायचं. कड्याच्या भिंतीला चार ठिकाणी दोन बोटं रुंद खाचा ठेवा, नाहीतर जाळ कोंडतो. चुलीइतकंच हे कडंही विकलं जातं. आखाजीच्या आधी तर जास्तच.

माती

काळी माती नको. हे पहिल्यांदाच सांगतो, कारण खानदेशात जिकडेतिकडे तीच आहे आणि फुकट आहे. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते, आणि उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच भेग चुलीत पडणार. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठचा पोयटा किंवा तळ्यातला जुना गाळ घ्या. माती मे महिन्यात काढावी, पाणी तळाला गेलेलं असताना. नदीची माती काढण्याआधी तलाठ्याकडे परवानगीचं विचारून घ्या. ट्रॅक्टर अडवला की मग विचारून उपयोग नसतो.

माती ओळखायची साधी रीत: ओली करून पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. तुटली तर रेती जास्त. न तुटता वळली आणि बोटाला चिकटली तर चिकटपणा जास्त, म्हणजे तिला रेती हवी. वळली, बारीक भेगा आल्या, पण तुटली नाही, तर ती कामाची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट चुनखडी. आपल्या मातीत पांढरे बारीक खडे असतात. चुलीच्या भिंतीत असा खडा राहिला तर आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) भाजून त्याचा कळीचा चुना होतो. पुढे पावसाळी हवेतली ओल पिऊन तो फुगतो आणि वरची खपली उडवतो. चूल विकून दोन महिने झालेले असतात, आणि गिऱ्हाईक "तुमची चूल पोपडे सोडतेय" म्हणून घरी येतं. आमच्या पहिल्या हंगामातल्या निम्म्या तक्रारी याच होत्या. उपाय म्हणजे माती वाळवून, कुटून, पिठाच्या नाही पण रव्याच्या चाळणीतून चाळणं. खडा चुनखडीचा आहे का याची शंका आली तर त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले की समजायचं. चाळायचा कंटाळा येतो आणि तोच महाग पडतो.

चाळलेली माती दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्या, मग तीत भर घाला. आमचं प्रमाण: माती पाच घमेली, जुन्या मडक्यांचा आणि कौलांचा कुटून केलेला चुरा एक घमेलं, बारीक रेती अर्धं घमेलं, वाळवून चाळलेली गाढवाची किंवा घोड्याची लीद एक घमेलं. लिदीतल्या गवताचे बारीक धागे वाळताना मातीला धरून ठेवतात आणि आव्यात जळून जातात. मागे राहिलेल्या बारीक छिद्रांमुळे भिंत हलकी होते आणि उष्णता धरते. खापरांचा चुरा आधीच भाजलेला, त्यामुळे तो आक्रसत नाही. तापून थंड होण्याचा झटका तोच सोसतो. लीद मिळत नसेल तर गव्हाचा बारीक भुसा चालतो, पण शेणाचा फार भरवसा धरू नका, त्यानं माती जास्तच सैल होते.

सगळं पायांनी तुडवा. यंत्र आणायची घाई नको, पहिल्या पन्नास नगांना पाय पुरतात. तुडवलेला गोळा ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर मुरू द्या. मुरलेली माती हाताला तुपासारखी लागते.

तुमची माती आमच्यासारखीच असेल असं नाही. म्हणून एवढं सगळं करण्याआधी चार वेगवेगळ्या प्रमाणांच्या वीतभर पट्ट्या थापा. प्रत्येकीवर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ खिळ्यानं ओढा. वाळवा, भाजा, आणि रेघ पुन्हा मोजा. आमची रेघ वाळून ९.३ झाली, भाजून ९.१. म्हणजे माती नऊ टक्के आक्रसली. २० सेंटिमीटरचं तोंड हवं असेल तर २० ला ०.९१ ने भागायचं, म्हणजे ओलं माप २२ सेंटिमीटर. ही एक पट्टी केली नाही तर पुढची सगळी मापं कागदावरच राहतात. माती काढायची जागा बदलली की पट्टी पुन्हा करायची.

घडवणं: साचा की चाक?

सगळे सांगतील साचा करा. मी सांगेन, पहिले तीस नग चाकावर करा.

साच्यात नग सारखे येतात, हे बरोबर. पण आतला गाभा वेळेवर निघाला नाही तर माती आक्रसत त्याला घट्ट धरते आणि कोपऱ्यात फाटते. शिवाय एकदा लोखंडी पत्र्याचा साचा केला की मापं बदलायची हिंमत होत नाही, पैसे घातलेले असतात. पहिल्या तीस नगांत तुम्ही किमान चारदा मापं बदलणार आहात.

कुंभाराच्या हाताला ही चूल नवी नाही. मोठ्या भांड्याचा भाग म्हणजे बुडाशिवायचं एक गोल, वैल म्हणजे दुसरं छोटं गोल. दोन्ही चाकावर ओढा, भिंत दोन ते सव्वादोन सेंटिमीटर जाड आणि सगळीकडे सारखी. एकीकडे जाड, एकीकडे पातळ झाली की वाळताना वेगवेगळी ओढ बसते आणि तडा तिथेच जातो. रात्रभर झाकून ठेवा. सकाळी भिंत चामड्यासारखी घट्ट झाली की जळणाचं तोंड तारेनं कापा, बोगद्याचं भोक पाडा, बोगदा वेगळा वळून जोडा. जोडायच्या दोन्ही बाजू काट्यानं ओरखडा, पातळ चिखल लावा, दाबा, आणि आतून बोट फिरवून सांधा बुजवा. बाहेरून सुंदर आणि आतून उघडा असलेला सांधा आव्यात हमखास उलतो. मग थापीनं आणि आतून दगडी गुंडा धरून हलकं चोपून भिंत घट्ट करा.

नग सारखे यावेत म्हणून पत्र्याच्या पट्ट्या कापून घ्या. वरच्या तोंडाची एक, उंचीची एक, बोगद्याची एक गोल चकती, सगळ्या ओल्या मापाच्या. प्रत्येक नगात पट्टी घालून बघायची, बसली नाही तर नग मोडून पुन्हा तुडवायचा. आमच्या मावशींचा यावर राग होता. "चाळीस वर्षं मडकी करतेय, मला पट्टी दाखवतो?" म्हणायच्या. महिनाभरानं त्यांनीच एक नग बाजूला काढला. बोगद्याची चकती अर्धवट शिरली होती. त्यांच्या हाताला ते आधीच कळलं होतं, पट्टीनं नुसतं दाखवलं.

मागणी वाढली आणि मापं पक्की झाली की साचा करा. तेव्हा बाहेरचा साचा पुरे, आतला गाभा लाकडी आणि दोन तुकड्यांचा असू द्या. त्यावर राख भुरभुरा आणि तासाभरात काढून घ्या.

वाळवणं

खानदेशातलं ऊन हे वरदान वाटतं, पण चुलीसाठी ते वैरी आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, गरम झळा सुटतात. बाहेरचा थर तासात वाळतो, आतला ओला राहतो, भिंत फाटते. म्हणून कामाचा हंगाम दिवाळी ते होळी. कुंभाराच्या दिनदर्शिकेतही तेच बसतं: पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या उरकलेल्या असतात, आणि आखाजीच्या घागरींना अजून वेळ असतो.

पहिले तीन दिवस सावलीत, ओल्या गोणपाटाखाली. मग गोणपाट काढा, पण वारा लागू देऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशी नग पालथा करा, नाहीतर तळ ओलाच राहतो. एकूण बारा ते पंधरा दिवस. गालाला लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे. वाळताना बारीक तडा दिसला तर वरून चिखल लिंपू नका, तो आव्यात सुटतो. मोडा, भिजवा, पुन्हा घडवा. कच्च्या मातीचं नुकसान होत नाही, नुकसान भाजल्यावरचं.

भाजणं

पहिल्या आव्यात आमच्या वीसपैकी सात चुली गेल्या. मडकी पातळ, चूल जाड, आणि आम्ही मडक्यांसारखाच झपाट्यानं जाळ दिला. जाड भिंतीतल्या ओलीची वाफ झाली, तिला बाहेर यायला वेळ मिळाला नाही, आणि आव्यातून फटाके वाजावेत तसे आवाज आले.

आता असं करतो. जमिनीत गुडघाभर खड्डा, तळाला गोवऱ्या, त्यावर काड्यांचा थर. चुली पालथ्या, एकमेकींना न चिकटता, मधल्या फटींत गोवऱ्यांचे तुकडे. आजूबाजूला मडकी, पणत्या, जे असेल ते रचा, नुसत्या चुलींचा आवा परवडत नाही. वरून गव्हाचं काड, त्यावर ओली माती आणि राख, बाजूला चार हवाभोकं. पेटवताना फक्त एका भोकातून, आणि पहिले तीन-चार तास नुसता धुमसता ठेवायचा. भोकातून येणारी पांढरी दमट वाफ थांबली, धूर कोरडा झाला, की मग बाकीची भोकं मोकळी करायची. उघड्या आव्यात साधारण सातशे-आठशे अंशांपर्यंत उष्णता जाते, चुलीला ती पुरते. विझल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही. घाईनं उघडलेल्या आव्यात थंड वारा शिरतो आणि भाजलेली चूल टणकन उलते.

बाहेर काढल्यावर बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजली तर चांगली, भद्द वाजली तर आत तडा आहे, दिसत नसला तरी. अशी चूल विकू नका.

जवळ वीटभट्टी असेल तर भट्टीवाल्याशी बोलून वरच्या थरात चुली लावता येतात. फूट कमी होते, पण भट्टीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावं लागतं.

पाणी उकळून बघा

प्रत्येक खेपेतली एक चूल पेटवून मोजा. ताण काटा, थर्मामीटर, घड्याळ, कोरडं लाकूड, एवढंच लागतं.

मोठ्या पातेल्यात ५ लिटर, वैलावरच्या पातेल्यात ३ लिटर पाणी घ्या. सुरुवातीचं तापमान लिहा. लाकूड तोलून घ्या, पेटवा, मोठ्या पातेल्यात उकळी आली की विझवा आणि उरलेलं लाकूड तोला. समजा पाणी २७ अंशांवरून ९९ वर गेलं आणि लाकूड ६०० ग्रॅम जळलं. लिटरभर पाणी एक अंशानं तापायला ४.१८ किलोज्यूल लागतात, म्हणून ५ गुणिले ४.१८ गुणिले ७२, म्हणजे सुमारे १५०५ किलोज्यूल उष्णता पाण्यात गेली. कोरड्या लाकडाची उष्णता किलोला साधारण १६,००० किलोज्यूल धरली तर ६०० ग्रॅमचे ९,६०० होतात. भागाकार सुमारे १६ टक्के. आता वैलाकडे बघा. तिथलं ३ लिटर पाणी ६७ अंशांवर गेलं असेल तर आणखी ५०० किलोज्यूल. तेही धरलं की तीच चूल सुमारे २१ टक्क्यांवर जाते. वैलाची किंमत एवढी आहे. तीन दगडांच्या चुलीवर हाच प्रयोग केला तर आकडा दहाच्या आसपास राहतो.

वाफ होऊन गेलेलं पाणी आणि उरलेला कोळसा या हिशेबात नाही, त्यामुळे हा ढोबळ अंदाज आहे. पण दोन खेपांची तुलना करायला तो पुरतो. एक खेप अचानक १५ वर आली तर बोगदा मोजा, बहुतेक तिथेच घोटाळा असतो.

सरकारी योजनेत किंवा 'सुधारित चूल' म्हणून विकायचं असेल तर भारतीय मानक १३१५२ पाहावं लागतं. पंख्याशिवायच्या चुलीला त्यात २५ टक्के कार्यक्षमता लागते, शिवाय धुराच्या कणांची आणि कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा, आणि ती चाचणी घरी होत नाही. आमची चूल तिथवर पोचलेली नाही. म्हणून आम्ही तिला 'वैलाची चूल' एवढंच म्हणतो.

धुराडं आणि घर

चूल उघड्या पडवीत असेल तर धुराड्याची गरज नाही. घरात असेल तर हवंच. धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरात वर साणं, म्हणजे छपरातला झरोका, असतं, त्यातून नळी काढता येते. व्यास १० सेंटिमीटर, छपराच्या वर किमान ६० सेंटिमीटर. सिमेंट-अॅस्बेस्टॉसचा स्वस्त पाइप वापरू नका, त्याचे तंतू फुफ्फुसाला घातक असतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नळी किंवा कुंभाराच्या हातच्या मातीच्या नळ्या घ्या. नळी जिथे छपराच्या लाकडी सरांजवळून (तुळयांजवळून) जाते तिथे वीतभर अंतर सोडा आणि फट पत्र्यानं आणि मातीनं बुजवा. महिन्यातून एकदा वरून काथ्याचा बोळा सोडून काजळी झाडावी लागते. ज्या घरी चढायला माणूस नाही, त्या घराला धुराड्याची चूल विकायची नाही, पडवीची सुचवायची.

जानेवारीच्या थंडीत कोणी निखाऱ्यांसह चूल बंद खोलीत ओढून ठेवतं. निखाऱ्यांतून निघणारा वायू दिसत नाही, वासही येत नाही, झोपेतच माणूस जातो. प्रत्येक विक्रीवेळी हे तोंडी सांगा.

जळणाबद्दलही एक सांगायचं. कपाशीच्या काड्या वर्षभरासाठी घराशेजारी रचून ठेवायची सवय आहे, पण त्यांत गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात आणि पुढच्या पिकाला बाधा होते, म्हणून कृषी खातं गंजी लावू नका म्हणतं. काड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाळून संपवा, पावसाळ्यासाठी बाभूळ आणि तुराट्या ठेवा.

किंमत

माती फुकट मिळते म्हणून चूल स्वस्त विकली की धंदा बुडतो. वीस चुलींना मजुरी, गोवऱ्या, जाळ्या धरून नगामागे ३५० रुपये लागले असं धरा, एकूण ७,०००. सात फुटल्या तर उरलेल्या तेरांवर नगाला ५३८ पडतात. त्यात वाहतूक आणि तीन महिन्यांनी द्यायच्या भेटीचा खर्च मिळवा, मग नफा. फुटीचं प्रमाण आज आमच्याकडे वीसला दोनवर आलंय, पण पहिल्या वर्षी ते तसं नसतं, आणि किंमत पहिल्याच वर्षी ठरते.

आठवडी बाजारात नेताना चूल भुशाच्या पोत्यावर ठेवून न्या. बाजारात मांडून ठेवलेली चूल विकली जात नाही, पेटलेली विकली जाते. एक चूल चालू ठेवा, वर चहा, वैलावर पाणी. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते, तिथे आम्ही असेच बसतो. येताना लिदीची चार पोतीही मिळतात.

चुलीसोबत एक लहान पिशवी चाळलेली माती द्या, पोतारण्यासाठी. मोठ्या तोंडाची कड भांड्यांच्या घासण्यानं झिजते, ती त्याच मातीनं महिन्यातून एकदा लिंपायची असते. तीन महिन्यांनी जाल तेव्हा वहीत तीन गोष्टी लिहा: रोज पेटते का, जाळी जागेवर आहे का, आणि बोगदा मोकळा आहे का. अमळनेरच्या त्या मावशींच्या घरी गेल्या खेपेला गेलो, तेव्हा बोगदा राखेनं अर्धा भरला होता आणि वैलावर दुधाचं पातेलं कोमट होत बसलं होतं. "जिभाऊ, दूध निरसं ऱ्हास," (दूध कच्चंच राहतं) एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक चुलीसोबत हातभर लांबीची, टोकाला वाकवलेली एक सळई देतो.